खोलीचा आवाज

प्रश्न खातुना विचारते. मी फक्त आवाज धरतो.
बावीस वर्षं कुतैसीच्या रेडिओवर,
कानांवर हेडफोन, मांडीवर यंत्र,
आणि माझ्या वाट्याला रीतीनं येणारा एकच प्रश्न,
मुलाखतीच्या आधीचा, काट्याची पातळी जमवायला:
‘आज न्याहारीला काय खाल्लंत?’

मंत्री यालाही बिचकतात.
एकानं तर आधी सचिवाकडे पाहिलं.

बाकीचे प्रश्न मी नुसत्या चाहुलीवरून ओळखतो.
हो-की-नाही म्हणजे खिळा.
तो पुढाऱ्यांसाठी; एकदा ठोकला की कोट अडकतो.
जोडप्रश्नातलं सोपं तेवढं उचलतो हुशार माणूस,
अवघड ताटात तसंच.
आणि तोंडात शब्द घालणारे:
‘तुम्हाला राग आला असेल ना?’
समोरचा बिचारा तो उष्टा घास चावतो
आणि परत करतो, ‘हो, राग आला.’
ग्वांजी, आमचे जुने संपादक,
असल्या टेपवर पेन्सिल आपटायचे:
‘हे उत्तर तुझंच आहे, पोरी. मला तिचं आण.’
‘का’ त्यांना खपत नसे.
का म्हटलं की माणूस स्वतःचा वकील होतो.
मग काय झालं, विचार. कुठं उभी होतीस, विचार.
हातात काय होतं.
आणि गप्प बस. पाच मोज मनात.
पाचाच्या आत कुणी खरं बोलत नाही.

मार्चमध्ये खाणीत वायू पेटला.
चौथ्या दिवशी आम्ही वरच्या गावी,
झुझुनाच्या स्वयंपाकघरात.
काळ्या रुमालातल्या दोन शेजारणी, एक घड्याळ,
शेगडीवर पाणी, कशासाठी ते कुणालाच आठवत नव्हतं.
मी माइक ठेवला
आणि जीभ चावायच्या आत सवयीनं विचारून बसलो,
न्याहारीला काय खाल्लंत?

‘म्चादी,’ ती म्हणाली.
मक्याची भाकरीच ती, जाड, हातावर थापलेली.
‘चार केल्या. तेमुरला तीन लागतात.
माझी एक खाल्ली.
तीन आहेत तिथं, फडक्यात.
कालच्या कोंबड्यांना घातल्या, परवाच्याही.
हाताला सांगून पाहिलं मी.
हात ऐकत नाही.’

काटा हिरव्यात होता. जरासुद्धा थरथरला नाही.
मी मान हलवली: आवाज ठीक. करा सुरू.

खातुनानं विचारलं ते ग्वांजींना आवडलं असतं.
मोकळं, आखूड, दार उघडं ठेवून.
पण झुझुना आता पाठ ताठ करून बसली,
आवाजाला इस्त्री केली
आणि रेडिओवर बोलतात तसं बोलली:
चौकशी व्हावी. सरकारनं लक्ष घालावं. तो चांगला माणूस होता.
खातुना गप्प राहिली. पाच. सात. अकरा.
झुझुनाही गप्प.
एकोणीस वर्षं पाळी सुटायची वाट पाहिलेली बाई ती,
तिच्याशी मुक्यानं पैज कोण जिंकणार!

निघताना मी म्हटलं, अर्धा मिनिट कुणी बोलू नका,
रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचाय.
कापलेल्या जागा बुजवायला लागतो तो.
घड्याळ. पाणी. एका शेजारणीच्या छातीतली शिट्टी.
मग, अठराव्या सेकंदाला,
फडक्याची सळसळ.
कुणीतरी भाकरी नीट झाकली.
मी डोळे वर केले नाहीत.

परतीच्या घाटात खातुनानं काचेतून बाहेर बघत विचारलं,
‘न्याहारीचं आलंय का टेपवर?’

हो की नाही. खिळा.
यंत्र मी नेहमी आधीच सुरू करतो, हे तिला ठाऊक आहे.
झुझुनाला ठाऊक नव्हतं.

मी मोजू लागलो.
एक वळण, कडेला मळलेला बर्फ, पूल,
पुलावर थांबून आम्हाला वाट देणारी गाय.
पाच केव्हाच होऊन गेले होते.